निकाहच्या मजलिसीत बिनआरशाचा कॅमेरा

रमजान ईद झाली, शव्वाल लागला की निकाहांची रीघ सुरू होते. शादीखाने आणि मंगल कार्यालये कितीतरी आधी भरलेली असतात. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॅमेऱ्यावर चार पैसे कमावते, त्या घरात मात्र या हंगामाच्या आधी, रमजानच्या निवांत दुपारी, एक वाद हमखास रंगतो. 'आता सगळे मिररलेस वापरतात, माझा डीएसएलआर विकून तो घेऊ का?' असे मूल विचारते. अब्बा म्हणतात, 'चालू वस्तूला काय झाले?' अम्मी काही बोलत नाही, पण तिचे लक्ष हातातल्या बांगड्यांकडे जाते. पैसे शेवटी कुठून निघणार, हे तिला ठाऊक असते.

फोटो काढणे जायज की नाजायज यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत आणि तो विषय त्यांचाच आहे. हा लेख ज्यांची रोजी कॅमेऱ्यावर आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरच्या कार्यात कॅमेरा येतोच त्यांच्यासाठी. माझे मत आधीच सांगून टाकते. कॅमेरा बदलण्याची कारणे खरी आहेत. पण दुकानात जी सांगितली जातात ती ही नव्हेत. आणि सूद भरून बदलावे असे तर त्यात काहीच नाही.

आधी हा आरसा आहे तरी कुठे ते पाहू. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक छोटा आरसा तिरका, पंचेचाळीस अंशांत बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावर आपटून वर जातो, वरच्या काचेच्या लोलकात वळतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आपण खरा प्रकाश पाहतो, जणू खिडकीतून पाहावे तसा. आरशाचा काही भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून थोडा प्रकाश खाली उतरतो आणि फोकस मोजणाऱ्या वेगळ्या यंत्रणेवर पडतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, प्रकाश सेन्सरवर पडतो, शटर मिटते आणि आरसा खाली येतो. 'खटॅक' हा जो ओळखीचा आवाज येतो तो या सगळ्या धावपळीचा.

मिररलेसमध्ये हा आरसा आणि वरचा लोलक काढून टाकला आहे. प्रकाश सतत सेन्सरवर पडत राहतो आणि सेन्सरला जे दिसते ते व्ह्यूफाइंडरमधल्या छोट्या पडद्यावर दाखवले जाते. खिडकीच्या जागी टीव्ही आला म्हणा ना. मोबाइलचा कॅमेराही या अर्थाने बिनआरशाचाच.

ही गोष्ट काही आजची नाही. पॅनासोनिकने लेन्स बदलता येणारा असा पहिला कॅमेरा, ल्युमिक्स जी १, २००८ साली आणला. सोनीने २०१३ मध्ये मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरचा ए ७ काढला. आपल्या लग्नांतले बहुतेक फोटोग्राफर मात्र कॅनन आणि निकॉनवाले आणि या दोन कंपन्या फुल फ्रेम मिररलेसमध्ये २०१८ मध्ये उतरल्या. निकॉनने झेड ६ आणि झेड ७, कॅननने ईओएस आर. २०२० नंतर या दोघांनी नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. म्हणजे वारा कुठल्या दिशेला आहे ते स्पष्ट आहे. पण नवे मॉडेल येणे थांबले म्हणून हातातला कॅमेरा फोटो काढणे थांबवत नाही, एवढे मुलांना सांगायला हवे.

कॅमेऱ्याचा विषय निघाला की आपल्या मजलिसींत इब्न अल-हैसम यांचे नाव निघते आणि ते योग्यच आहे. बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्मलेल्या या विद्वानाने कैरोत बसून 'किताब अल-मनाजिर' लिहिली. अनेक दिवे ओळीने ठेवून त्यांचा प्रकाश एका छिद्रातून अंधाऱ्या जागेत सोडला, तर तो एकमेकांत मिसळत नाही, प्रत्येक दिव्याचा ठिपका वेगळा पडतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. त्याच ग्रंथाचे तीन मकाले आरशांवरून परतणाऱ्या प्रकाशावर आहेत. एवढे खरे मोठेपण असताना आपण त्याला एक खोटी कथा जोडतो: 'कॅमेरा' हा शब्द आपल्या 'कमरा'वरून आला. भाषा शिकवणारी म्हणून मला हे खटकते. कॅमेरा हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. पोर्तुगिजांच्या तोंडी तो 'कामरा' होता आणि त्यांच्याकडूनच उर्दूत 'कमरा' आला. म्हणजे दोन्ही शब्द सख्खे आहेत, फक्त नाते आपण उलटे सांगतो.

असो. आता मुद्द्यावर येते. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नांत फक्त जनाना बाजूचे फोटो काढते. आपल्याकडे या कामाला मोठी मागणी आहे; बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको असे ठरवणारी घरे वाढली आहेत आणि मुलींना त्यातून हलाल, इज्जतीची कमाई मिळते. तिच्याकडे कॅननचा ८०डी हा २०१६ साली आलेला डीएसएलआर, एक १८-१३५ची लेन्स आणि एक ५० मिलिमीटरची छोटी लेन्स. शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो काढण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे असल्यामुळे ती विचारायला आली, 'टीचर, आर ७ घेऊ का?' आर ७ हा कॅननचा २०२२चा मिररलेस. मी तिला घेऊ नको म्हटले नाही आणि घे असेही म्हटले नाही. दोन कामे सांगितली.

पहिले काम फुकटचे. ८०डीला मागच्या पडद्यावर पाहून फोटो काढण्याची सोय आहे, तिला लाइव्ह व्ह्यू म्हणतात. ती सुरू केली की आरसा वर उचलला जातो आणि फोकसही सेन्सरवरूनच होतो. म्हणजे तेवढ्या वेळापुरता तो कॅमेरा मिररलेसच झालेला असतो. २०१३च्या ७०डीपासून कॅननने सेन्सरवरच फोकस करण्याची चांगली सोय दिली आहे. महिनाभर असेच काम करून बघ, म्हटले. ज्यांना हे आवडत नाही, ज्यांना खिडकीच हवी असते, त्यांचे पैसे इथेच वाचतात.

दुसरे काम वहीचे. मागच्या काही लग्नांतले टाकून दिलेले फोटो पुन्हा उघडायचे आणि प्रत्येकासमोर एक शब्द लिहायचा: का टाकला? डोळे मिटले, फ्लॅश जास्त, मध्ये कोणी आले, फोकस चुकला, अंधार. तिची वही मी पाहिली. फोकस चुकलेले फोटो होते, विशेषतः ५०च्या लेन्सने जवळून काढलेले. पण त्याहून जास्त फ्लॅशचे आणि उजेडाचे होते. आणि घरच्यांच्या तक्रारी वेगळ्या विचारल्या, तर त्यांत कॅमेऱ्याचे नावच नव्हते. अल्बम उशिरा मिळाला हीच तक्रार सगळीकडे.

फोकसची गोष्ट मात्र खरी आहे. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारी यंत्रणा एका जागी आणि फोटो टिपणारा सेन्सर दुसऱ्या जागी. दोघांत केसभर फरक पडला तरी दुल्हनच्या डोळ्याऐवजी नथीवर किंवा कानावर फोकस जातो. मिररलेसमध्ये मोजणारा आणि टिपणारा एकच, त्यामुळे हा फरक उरत नाही. शिवाय नवे कॅमेरे माणसाचा डोळा ओळखून त्याच्या मागोमाग जातात. दुल्हन सलामसाठी वाकली, हसली, मान वळवली तरी फोकस डोळ्यावर राहतो. फुलांचा सेहरा चेहऱ्यावर लोंबत असेल किंवा घूंघट पुढे आला असेल, तर मात्र हीच हुशारी फुलांच्या लडीवर अडकू शकते. तेव्हा फोकसची चौकट स्वतः बोटाने ठेवावी लागते, पूर्वीसारखीच.

दुसरा फायदा नवशिक्याला जास्त. फोटो उजळ येणार की काळा, ते बटण दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. पण इथे एक गोम आहे. फ्लॅश लावून काम करताना आपण कॅमेऱ्यातला उजेड मुद्दाम कमी ठेवतो, मग व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट होतो आणि कॅमेरा बिघडला असे वाटते. फोटोचा उजेड पडद्यावर आधी दाखवण्याची सोय मेनूत बंद केली की चित्र पुन्हा दिसू लागते. नवा कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच लग्नात घाम फुटायचा नसेल, तर ही जागा घरीच शोधून ठेवावी.

आता आवाज. मला स्वतःला मिररलेसची हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते आणि हीच सगळ्यात काळजीची.

मशिदीत निकाह असतो. काझीसाहेब खुत्बा पढत असतात, माणसे खाली मान घालून ऐकत असतात. मग ईजाब आणि कबूल. नेमक्या त्या शांततेत 'खटॅक, खटॅक, खटॅक' सुरू होते आणि इमामसाहेब कपाळाला आठ्या घालतात. कितीतरी मशिदींत कॅमेऱ्याला मनाई होण्यामागे उलमांचे मत असतेच. पण हा गोंगाट आणि फोटोग्राफरची धावपळही असते. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर निवडले की एकही भाग हलत नाही. सेन्सर ओळीमागून ओळ वाचून घेतो आणि फोटो निघतो. आवाज शून्य. मजलिसीचा अदब राखून, एका खांबाशी बसून काम होते. डीएसएलआरमध्येही 'सायलेंट' नावाची सोय असते, पण तिथे आवाज फक्त मऊ होतो, जात नाही.

हेच बिनआवाजाचे शटर जनाना बाजूला नेले की चित्र बदलते. तिथे तो 'खटॅक' बायकांच्या उपयोगाचा होता. आवाज आला की कळायचे, फोटो निघाला. कोणी दुपट्टा सावरायची, कोणी बाळाला पाजताना पाठ फिरवायची, कोणी स्पष्ट सांगायची, 'माझा नको.' आवाजच गेला तर ही सूचनाही गेली. माझी विद्यार्थिनी भाड्याने आणलेला आर ७ घेऊन एका मेंदीला गेली, तेव्हा तिच्या पहिल्यांदा हे लक्षात आले. एरवी तिला तीन-चार बायका तरी अडवतात. त्या दिवशी कोणीच अडवले नाही. फोटो उत्तम आले होते. त्यांतले बरेच तिने घरच्यांना देण्याआधी पुसून टाकले, कारण त्या बायकांना फोटो निघाल्याचे ठाऊकच नव्हते.

आता तिचा नियम असा आहे: इलेक्ट्रॉनिक शटर फक्त निकाहच्या वेळी, काझीसाहेब दुल्हनची रजामंदी विचारायला वकील आणि गवाह पाठवतात त्या क्षणाला. बाकी पूर्ण वेळ यांत्रिक शटर, आवाजासकट. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनीही फोटोग्राफरशी हे आधीच बोलून घ्यावे. 'तुमचा कॅमेरा आवाज न करता फोटो काढतो का? मग बायकांत ते बंद ठेवा.' एवढे म्हटले तरी पुरे, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

अशीच दुसरी काळजी ब्लूटूथ आणि वायफायची. नव्या कॅमेऱ्यांत फोटो निघता निघता मोबाइलवर आपोआप पाठवण्याची सोय असते. मोबाइलच्या गॅलरीत आलेला फोटो क्लाउडवर जातो, घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडतो, भावाच्या टॅबवर दिसतो. कोणाची वाईट नियत नसतानाही पर्द्यातल्या बायकांचे फोटो चार ठिकाणी पोहोचतात. ही सोय बंदच ठेवायची आणि कार्ड घरी आणून संगणकावर उतरवायचे. लोकांच्या लेकी-सुनांचे फोटो ही अमानत आहे, हे आपल्या मुलींना सांगावे लागत नाही. फक्त कॅमेऱ्यातला कुठला स्विच ती अमानत बाहेर नेतो, ते सांगावे लागते.

इलेक्ट्रॉनिक शटरची एक तांत्रिक अडचणही आहे आणि ती शादीखान्यात फार छळते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण सेन्सर ओळीमागून ओळ वाचत असल्यामुळे काही ओळी उजळ आणि काही मंद येतात, फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० ठेवला तर प्रत्येक ओळीला एक किंवा दोन पूर्ण लहरी मिळतात आणि पट्टे बहुतेक जातात. स्टेजवरच्या रंगीत एलईडी पट्ट्यांची लय मात्र वेगळी असते, तिथे हा उपाय चालेलच असे नाही. यांत्रिक शटर वापरावे हे बरे. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर फ्लॅश पेटतच नाही. म्हणजे हॉलमध्ये हया आणि तंत्र दोन्हीही एकच गोष्ट सांगतात.

आता बदलताना काय गमवावे लागते ते. दुकानात याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

सगळ्यात आधी बॅटरी. खिडकीला वीज लागत नाही, टीव्हीला लागते. कॅननच्याच आकड्यांप्रमाणे ८०डी एका बॅटरीवर सुमारे ९६० फोटो काढतो. पहिला ईओएस आर जवळपास तशीच बॅटरी घालून सुमारे ३७०. प्रत्यक्षात सलग फोटो काढताना हे आकडे वाढतात आणि नव्या मॉडेलांनी सुधारणाही केली आहे, पण दुपारच्या निकाहपासून रात्रीच्या वलीम्यापर्यंत एका बॅटरीवर निघण्याचे दिवस गेले. किमान तीन बॅटऱ्या धराव्यात आणि त्यांचे पैसे कॅमेऱ्याच्या किमतीतच मोजावेत. एक दिलासा असा की ८०डी, ५डी मार्क ४ या कॅमेऱ्यांतली एलपी-ई६एन बॅटरी आर ७, आर ६ यांतही बसते. २००डीवाल्यांची एलपी-ई१७ ही आर १० आणि आर ५०मध्ये चालते. १५००डीची बॅटरी वेगळी, ती कुठेच उपयोगी पडत नाही.

मग वजन. मिररलेस हलका, हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते. ८०डी बॅटरी आणि कार्डासकट ७३० ग्रॅम. आर ७ तसाच मोजला तर ६१२. पण जुन्या लेन्स लावायच्या तर मध्ये अडॅप्टर हवा, कॅननचा साधा अडॅप्टर ११० ग्रॅमचा. बेरीज ७२२. आठ ग्रॅम वाचले. मानदुखीसाठी कॅमेरा बदलणाऱ्यांनी एवढा हिशेब जरूर करावा. वजन खरे कमी होते ते लेन्सही नव्या, छोट्या घेतल्यावर, आणि तो खर्च बॉडीहून मोठा होऊ शकतो.

अडॅप्टर म्हणजे काय, तेही सांगते. आरसा गेल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सला सेन्सरपासून ४४ मिलिमीटर अंतर लागायचे, नव्या आरएफला २० लागते. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा कमी होत नाही. कॅननच्या सगळ्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्समध्येच असते, म्हणून त्या अडॅप्टरवर नीट चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र सावध राहावे. त्यांच्या जुन्या 'डी' लेन्समध्ये मोटर नसते, ती डीएसएलआरच्या बॉडीत असते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे या लेन्स लागतील, पण फोकस हाताने करावा लागेल. नंतरच्या 'एएफ-एस' लेन्सला ही अडचण नाही.

जुन्या बाजारात स्वस्तात मिररलेस मिळतो म्हणून कॅननचा एम ५० घेण्याचा मोह होतो. चांगला कॅमेरा होता. पण त्याची ईएफ-एम ही घरची लेन्समाला कॅननने २०२३मध्ये बंद केली आणि त्या लेन्स नव्या आर कॅमेऱ्यांना कुठल्याच अडॅप्टरने लागत नाहीत. घरगुती वापराला ठीक. ज्याला धंदा वाढवायचा आहे त्याने त्यात पैसे गुंतवू नयेत.

लग्नाचे काम करणाऱ्याने सगळ्यात आधी कार्डाच्या खाचा मोजाव्यात. आर ७मध्ये दोन कार्डे बसतात, एकच फोटो दोन्हीवर लिहिला जातो. आर १० आणि आर ५०मध्ये एकच. आर ८ हा फुल फ्रेम आहे, फोटो सुंदर देतो, पण खाच एकच. निकाह पुन्हा पढवता येत नाही. कार्ड दगा देते ते वर्षाकाठी एखाद्याच वेळी, पण ती एक वेळ आयुष्यभर ऐकावी लागते. माझ्या मते ८०डीवाल्याने आर ७ घेण्याला डोळ्यावरच्या फोकसइतकेच बळकट कारण हे दुसरे कार्ड आहे. उलट ५डी मार्क ४वाला हलका आणि नवा म्हणून आर ८ घेत असेल, तर तो या बाबतीत एक पायरी खाली उतरतो आहे.

संगणकाचीही खबर घ्यावी. जुन्या कॅननच्या रॉ फाइली सीआर २, नव्यांच्या सीआर ३. ज्यांच्याकडे अजून फोटोशॉप सीएस ६ आहे, त्यांना नव्या फाइली थेट उघडता येणार नाहीत. ॲडोबीचा फाइली बदलून देणारा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून काढाव्या लागतात. त्यात वेळ जातो. आणि अल्बम उशिरा मिळण्याची तक्रार तर आधीपासूनच होती! फ्लॅशचे म्हणाल तर आपला फ्लॅश सोबत घेऊनच दुकानात जावे आणि नव्या कॅमेऱ्यावर लावून पेटवून पाहावा. सगळे जुने, सगळ्या कंपन्यांचे फ्लॅश सगळ्या नव्या बॉडीवर पेटतात असे नाही.

पैशांचे काय, हा शेवटचा आणि खरा प्रश्न. सुदाबद्दल या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगणार? पण 'नो कॉस्ट ईएमआय' या नावाने भली भली घरे गोंधळतात. विक्रेता व्याजाएवढी सूट देतो आणि बँक तेवढेच व्याज हप्त्यात लावते, अशी ही रचना असते. व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक ठिकाणी प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या डोक्यावर येते. रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. तेव्हा कागदावर सही करण्याआधी हप्त्यांचा तक्ता मागून 'इंटरेस्ट' हा रकाना पाहावा आणि मग आपल्या आलिमांना विचारावे.

त्यापेक्षा भिशी बरी, मात्र चिठ्ठीची. लिलावाच्या भिशीत आधी उचलणाऱ्याला कमी रक्कम मिळते, तिथे पुन्हा तोच मसला उभा राहतो. काही घरांत मामा-चाचा कर्जे हसना देतात. द्यायला हवे, कारण हा शौक नाही, रोजीचे औजार आहे. कामाच्या औजारावर जकात नसते, विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर असते. कॅमेऱ्यासाठी साठवत ठेवलेल्या रकमेवर मात्र निसाब आणि वर्ष पूर्ण झाले तर जकात निघते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

बांगड्या मोडू नयेत, असे मी त्या मुलीच्या अम्मीला स्पष्ट सांगितले. ८०डी चालू होता, कामे हातची जात नव्हती. तिने वर्षभराची चिठ्ठीची भिशी लावली. मधल्या काळात ज्या मोठ्या लग्नांना गरज वाटली, तिथे आर ७ भाड्याने आणला आणि ते भाडे ठरलेल्या मोबदल्यात आधीच धरले. कंपनीच्या पक्क्या बिलाशिवाय आणि भारतातल्या वॉरंटीशिवाय स्वस्तात देऊ करणारे दोन जण भेटले, त्यांना तिने नाही म्हटले. भिशी लागल्यावर फक्त बॉडी, अडॅप्टर आणि एक जादा बॅटरी घेतली. लेन्स जुन्याच.

ज्या मुलांनी अजून सुरुवातच केलेली नाही, त्यांच्यासाठी हा काळ चांगला आहे. लोक डीएसएलआर विकत आहेत, चांगल्या लेन्ससकट. शिकायला आणि घरच्या कार्यांना ८०डी किंवा निकॉन डी ७५० आजही भरपूर आहे. घेताना शटर किती वेळा चालले ते तपासावे. ८०डीचे शटर एक लाख आणि डी ७५०चे दीड लाख वेळा चालेल असे धरून बनवलेले आहे. निकॉनच्या फोटोतल्या माहितीत हा आकडा सापडतो. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरसाठी वेगळे सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागते. विकणाऱ्याने चांगला-वाईट ऐब आपणहून सांगावा, घेणाऱ्याने तो विचारावा.

आणि विकताना कार्ड कॅमेऱ्यासोबत देऊ नये. साधे फॉरमॅट केल्याने फोटो जात नाहीत, फक्त त्यांची यादी जाते. घरबसल्या मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत निघतात. कार्ड द्यायचेच असेल तर मेनूतले 'लो लेव्हल फॉरमॅट' निवडावे, आणि तेही पुरेसे वाटत नसेल तर कार्ड सरळ तोडून टाकावे. कॅमेऱ्यात भरलेले मालकाचे नाव आणि वायफायच्या जोडण्याही पुसाव्यात.

माझ्या विद्यार्थिनीने ८०डी विकलाच नाही. आता तिची धाकटी बहीण तिच्याबरोबर असते, ५०ची लेन्स लावलेला तो तिच्या गळ्यात असतो, आणि बॅटऱ्या दोघींच्या एकाच चार्जरवर भरतात.